आक्कांचा शेला

"जोड तोडू नको," म्हणत आक्कांनी माझं मनगट धरलं. "पाप लागतं."

सकाळचे सात वाजले होते. आमच्या माडीवर बांबूच्या सुपांत रेशमाचे पिवळसर कोष पसरून ठेवले होते. पहाटेपासून एकेका कोषाचं टोक ओलं होत होतं आणि त्या ओल्या टोकातून पांढरा, जाडजूड पतंग रेटून बाहेर येत होता. पंख असून त्यांना उडता येत नव्हतं. नर पंख फडफडवत मादीभोवती फिरायचा आणि मग दोघं एकमेकांना चिकटून स्वस्थ बसायचे. मी दोन रिकाम्या पराती घेऊन बसले होते, एक नरांसाठी, एक माद्यांसाठी. पहिली जोडी सोडवायला हात पुढे केला, तेवढ्यात आक्कांनी तो धरला.

"वेगळेच ठेवायचे असतात, आक्का."

"कशापायी?"

उत्तर मला येत होतं. तालुक्याच्या गावी आठ दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं मी. तिथल्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की पतंग बाहेर येऊ द्यायचे असतील तर नर-मादी लगेच वेगळे करा. नाहीतर एकेक मादी चारशे अंडी घालेल, दहा दिवसांत ती फुटतील, आणि मग तेवढ्या आळ्या पोसणार कोण? हे आक्कांना सांगितलं असतं तर माझ्या बिनहिंसेच्या रेशमाच्या पोटात काय आहे, तेही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "काही नाही, जागा कमी पडते म्हणून."

"मग ऱ्हाऊ दे की. चार दिसाची जिंदगी त्येंची."

मी पराती उचलून कोनाड्यात ठेवल्या. पुढचं सगळं त्या दोन परातींमुळे झालं.

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई, अनंतमती मगदूम. पंचगंगेच्या काठच्या आमच्या गावात निम्मी वस्ती जैनांची, पण आक्कांसारखं धर्म पाळणारं माणूस निम्म्यातही सापडायचं नाही. आडाचं पाणी फडक्यातून गाळायच्या आणि फडक्यावर जे उरेल ते पोहऱ्यात घालून पुन्हा आडात सोडायच्या. तिथले जीव तिथेच जाऊ देत म्हणून. आंघोळीच्या बंबात काटकी घालायच्या आधी ती फरशीवर दोनदा आपटायच्या, एखादी मुंगी असली तर पडावी. मी लग्न होऊन आले तेव्हा मला याचं हसू यायचं. मीही जैनच, पण सांगली शहरातली.

बावीस वर्षांपूर्वी एका महाराजांच्या प्रवचनात आक्कांनी ऐकलं की रेशमासाठी कोष जिवंत उकळतात. घरी आल्या, ट्रंक उघडली आणि आईनं लग्नात दिलेला शालू परीटणीला देऊन टाकला. आईची तेवढीच एक वस्तू होती त्यांच्याकडे. तेव्हापासून रेशीम अंगाला लावायचं नाही, असा नेम. नेम त्यांनी पाळला. पण लग्नकार्यात शेजारी कुणी रेशमी नेसून बसलं की त्यांचा हात हळूच तिच्या पदराकडे जायचा, बोटांनी जरासं चाचपायच्या आणि हात ओढून घ्यायच्या. हे मी दोन-तीनदा पाहिलं होतं. मला वाटलं, आक्कांना एक शेला आपण करून द्यायचा.

खरं सांगायचं तर मला नुसतं तेवढंच वाटलं नव्हतं. शेतीची पदवी घेऊन मी चार वर्षं घरात भाकऱ्या थापत होते. आपल्या हातून काहीतरी वेगळं व्हावं, गावानं बघायला यावं, हेही होतं.

"पतंग बाहेर पडल्यावर मग रिकाम्या कोषाचं सूत काढायचं, आक्का. कोष उकळायचा, पण रिकामा. जीव मारायचा नाही."

"एक बी न्हाई?"

"एकही नाही."

"शब्द दे."

"दिला."

बांधावर तुतीची चाळीस झाडं होतीच. एका रेशीम केंद्रातून मी पाचशे बारीक आळ्या आणल्या. पहिले चार दिवस आक्का लांबूनच बघत होत्या. पाचव्या दिवशी मी सुपातला जुना पाला उकिरड्यावर टाकायला निघाले, तर त्यांनी जिन्यातच अडवलं. पाला पदरात घेतला आणि एकेक पान उलटून पाहिलं. देठांना चिकटलेल्या सात आळ्या निघाल्या.

"बघितलंस? ह्या सात जणी जित्या गेल्या असत्या," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून माडीचा ताबा आक्कांकडे गेला. सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीच्या आधी असा तीनदा पाला. आळ्या कात टाकायला निपचित पडल्या की माडीवर मोठ्यानं बोलायचं नाही. माझे यजमान भूपाल सूतगिरणीतून आले की म्हणायचे, "आईनं मला कधी एवढं वेळेवर जेवायला घातलं नव्हतं बघ." आक्का हसायच्या. चार वर्षांत मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. पाचशेतल्या चारशे बारांनी कोष केले. हा आकडाही त्यांचाच, रोज मोजायच्या.

तर त्या सकाळी पतंग बाहेर आले. आक्का पातळ गूळपाण्याची वाटी घेऊन वर आल्या.

"ते खात नाहीत, आक्का. त्यांचं तोंड कामाचं नसतं. आळी असताना खाल्लेलं पुरतं."

"काईच न्हाई खात?"

"काहीच नाही."

आक्का वाटी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "जल्मल्यापास्नं उपासच म्हणायचा की गं," एवढंच म्हणाल्या आणि मावळतीपर्यंत तिथंच बसून राहिल्या. पाच-सहा दिवसांत पतंग आपोआप संपले. आक्कांनी ते तुतीच्या मुळाशी पुरले. आपल्या मरणानं गेले, त्यात आपला हात नाही, म्हणाल्या.

सुपांत अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या कागदांवर अंडी उरली. राळ्याचे बारीक दाणे सांडावेत तशी, पिवळीधमक.

"आता ह्येंचं काय?"

"देणार. मिरजेकडे एका शेतकऱ्याचं मोठं शेड आहे."

"समद्यास्नी पाला मिळंल तिथं?"

"मिळेल की."

असा कुणी शेतकरी मला माहीत नव्हता. त्या दुपारी केंद्रावर फोन करून मी एकाचा नंबर मिळवला. त्यानं विचारलं, "अंडी तपासून घेतलीत का? रोगाची निघाली तर माझी सगळी बॅच बसंल. तसली अंडी माझ्या शेडच्या आसपास आणू नका, ताई." दुसऱ्यानंही तेच सांगितलं. मी कागदावर हिशेब मांडला. ऐंशी हजारांच्या आत अंडी नव्हती. पाला लागला असता दोन टन आणि माझ्याकडे चाळीस झाडं, तीही नुकतीच ओरबाडलेली.

त्या वेळी ती नुसती अंडी होती. तेव्हाच काय ते उरकायला हवं होतं, किंवा आक्कांच्या पायाशी बसून सगळं सांगायला हवं होतं. मी दोन्ही केलं नाही. उद्या बघू, उद्या बघू करत राहिले. नवव्या दिवशी अंडी निळसर करडी पडली. याचा अर्थ मला पाठ होता.

दहाव्या दिवशी सकाळी माडीवर गेले तर कागद हलत होते. वारा नव्हता. अकराच्या अकरा कागदांवर काळ्या दोऱ्याच्या तुकड्यांएवढ्या आळ्या डोकी वर करून पाला हुंगत होत्या. काही काठावरून फरशीवर उतरल्या होत्या. आक्का आडावर पाणी भरत होत्या, भूपाल पाळीला गेले होते. न्हाणीत बंब पेटलेला होता.

मी कागदांच्या गुंडाळ्या केल्या आणि खाली आले. बंबाच्या तोंडात एकेक सारत गेले. रद्दी जळायला कितीसा वेळ लागतो? बारीक तडतड ऐकू येत होती, म्हणून मी शेजारी बादली भरायला नळ सोडला. शेवटचा कागद ढकलला तेव्हा माझी बोटं पोळली. तेवढंच काय ते मला झालं.

आक्का घागर घेऊन आत आल्या. बंबाला हात लावून म्हणाल्या, "आज पाणी लौकर तापलं गं."

त्या पाण्यानं त्यांनी आंघोळ केली, धूतवस्त्र नेसल्या आणि बस्तीत अभिषेकाला गेल्या. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. मी माडी दोनदा पुसून काढली. परत आल्यावर त्यांनी विचारलंच.

"अंडी कुठं गेली गं?"

"त्या शेतकऱ्याचा माणूस येऊन घेऊन गेला."

"मला बघायची व्हती." मग त्यांनी माझ्या खांद्याकडे पाहिलं आणि चेहरा एकदम फुलला. "आगं, एक ऱ्हायलाय की!"

माझ्या पोलक्याच्या बाहीवर एक काळा दोरा वळवळत होता. आक्कांनी तुतीचं कोवळं पान आणून त्यावर त्याला अलगद उतरवून घेतलं. पान वाटीत, वाटी स्वयंपाकघराच्या खिडकीत. त्याला त्या 'पाव्हणा' म्हणायला लागल्या.

मला वाटलं होतं, चार दिवसांत विसरतील. पण खिडकीत पाव्हणा होता ना. त्यानं पहिली कात टाकली त्या दिवशी आक्का म्हणाल्या, "मिरजेच्यांनी बी टाकली असंल."

"टाकली असेल."

"फोन करून इचार की."

मी बाहेरच्या खोलीत जाऊन फोन उचलला, नुसताच धरून उभी राहिले, परत आले. "टाकली म्हणाले." दुसऱ्या कातीला तेच. तिसऱ्या कातीला मी आपणहून सांगितलं की पाला भरपूर आहे, शेड हवेशीर आहे, पोरं अगदी जोमात आहेत. आक्कांनी हात जोडले. पाव्हणा वाढत होता आणि त्याच्या मापानं मी राख झालेली ऐंशी हजार पोरं वाढवत होते. ताटातली भाकरी तशीच उरायची. भूपाल म्हणायचे, दृष्ट काढ हिची.

त्याच श्रावणात सूत झालं. रिकामे कोष सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ केले आणि आक्कांनी ते टकळीवर कातले. शाळेत असताना शिकल्या होत्या म्हणे. धागा जाड-बारीक यायचा, पण तुटायचा नाही. रेंदाळच्या एका म्हाताऱ्या विणकरानं शेला विणून दिला, बिनकाठाचा, ताकाच्या रंगाचा. पर्युषण पर्वाच्या दोन दिवस आधी मी तो घरी आणला. आक्कांनी हात धुतले, पुसले आणि मग शेला हातात घेतला. गालाला लावला. 

"पंचमीला घेऊन जाते बस्तीत," म्हणाल्या. "बावीस वर्सांनी."

पंचमीला, पर्वाच्या पहिल्या दिवशी, मात्र सुती लुगड्यावर सुती पदर घेऊनच निघाल्या.

"शेला, आक्का?"

"बगू."

दुसऱ्या दिवशीही बगू. पर्वाच्या दहा दिवसांत शेला ट्रंकेतून निघालाच नाही. त्यांनी मिरजेचं नावही काढलं नाही. का ते मी विचारलं नाही. उलट मला बरं वाटलं, चला, सुटले! इतक्या खाली मी उतरले होते.

मधे एक दिवस पाव्हण्यानं कोष फोडला. पतंग निघाला, मादी होती. वाटीच्या काठावर बसून पंख थरथरवत ती जोडीदाराची वाट बघत होती. आक्का खिडकीशी उभ्या होत्या.

"हिची भावंडं असतील न्हवं गं तिकडं?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"असतील की."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कणीक मळत होते, मळतच राहिले. मादीनं एकटीनंच अंडी घातली. ती पिवळीच राहिली आणि आठवड्यानं सुकून आत बसली.

पर्व संपल्यावर आमच्यात क्षमावाणीचा दिवस असतो. लहानमोठं सगळं गाव एकमेकांपुढे हात जोडतं, वर्षभरातल्या चुकांची माफी मागतं. थोरांनी धाकट्यांचीही मागायची. सकाळी मी आक्कांच्या पाया पडले.

"आक्का, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा."

फार सोयीचं वाक्य आहे ते. दर वर्षी म्हणायचे, त्या वर्षीही म्हटलं.

"उत्तम क्षमा," आक्का म्हणाल्या. मग पाटावर बसल्या आणि मलाही समोर बसवलं. "आता माझं ऐक, चेलना. मला बी मागायचीय. नुस्ती तोंडानं न्हवं."

कनवटीला बांधलेली पुडी त्यांनी सोडली. आत कागदाचा तळहाताएवढा तुकडा होता, कडा काळ्या पडलेल्या, मधे छापील अक्षरं आणि त्यांवर वाटाण्याएवढ्या जागेत चिकटलेली अंड्यांची टरफलं.

"पंचमीच्या आदल्या दिशी भांडी घासाय राख घ्याया गेले, तर डब्यात ह्यो घावला. बंबाची राख. माझं काळीजच हाललं. मला वाटलं, हिनं जाळली. मिरजेला काय धाडली न्हाईत, माझ्या बंबात घातली, आणि त्याच पाण्यानं मी..." त्या थांबल्या. "दहा दिस माझ्या मनात तेच. देवाम्होरं उभी ऱ्हायली तरी तेच. तुझ्या हातचं जेवत व्हते आणि मनात म्हणत व्हते, हिनं जाळली. शेला बी म्हणूनच न्हाई घेतला अंगाव."

मी त्या तुकड्याकडे बघत होते.

"काल अर्घ्य देताना माझं मलाच वाईट वाटलं. एखादा रिकामा कागूद ऱ्हायला असंल, पोरीनं बंबात टाकला असंल. त्येच्यावरनं मी येवढा मोठा वहीम घेतला. पाल्यातल्या सात आळ्यांसाठी माझ्यासंगं बसून पानं उलटलीस तू. तुझ्यावर मी असला वहीम घ्यावा?" आक्कांचे डोळे भरून आले. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठ्या त्या बाईनं माझ्यापुढे हात जोडले आणि मान खाली घातली. "चुकले मी. मला क्षमा कर."

बाहेर कुणीतरी शेजारणीला उत्तम क्षमा, उत्तम क्षमा म्हणत हसत होतं. आक्का मान खाली घालून थांबल्या होत्या. घाई नव्हती त्यांना. सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं, आणि ते मला तेव्हाही कळत होतं. मी म्हणाले असते की आक्का, तुमचा वहीम खरा आहे, तर काय झालं असतं? त्या रडल्या असत्या. उपास केले असते. माझ्याशी बोलल्या नसत्या, कदाचित जन्मभर. पण त्यांचा बावीस वर्षांचा नेम राहिला असता.

मी त्यांचे जोडलेले हात हातात घेतले.

"केली, आक्का," मी म्हटलं. "केली क्षमा."

त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. पदरानं डोळे पुसले, कागदाचा तुकडा चुलीत टाकला आणि ट्रंक उघडायला गेल्या. शेला खांद्यावर घेऊन बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नव्या नवरीसारखं काहीतरी होतं. त्यानंतर नऊ वर्षं, शेवटपर्यंत, प्रत्येक पर्वाला त्यांनी तो शेला घेतला.

"नीट बसलाय का बग गं मागनं," म्हणत त्या दिवशी त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

पाठीवर एक चुणी पडली होती. ती मी हातानं सरळ केली.

"बसला," मी म्हटलं, आणि आक्का बस्तीत गेल्या.